आय५ घेऊ की रायझन? आधी कॅमेऱ्याची फाइल तपासा

वाचकाचं पत्र, थोडक्यात : मी २४ वर्षांचा, परभणी जिल्ह्यातला. लग्नाचं शूटिंग आणि व्हिडिओ एडिटिंग करतो. घरी २०२० साली घेतलेला पीसी आहे : रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, मागाहून टाकलेलं आरटीएक्स ३०६० कार्ड (१२ जीबी) आणि ७५ हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर. सोनीचा नवा कॅमेरा घेतल्यापासून फोर-केच्या फाइल प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर अडकत चालतात. मोठं लग्न रेंडरला लावलं की रात्र जाते. मित्रांबरोबर व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो. वडिलांनी सोयाबीन विकून ७०,००० रुपये द्यायचं कबूल केलंय. बोर्ड, रॅम सगळं नवं घ्यायचं ठरवलंय, पण इंटेल कोअर आय५-१४६००के आणि एएमडी रायझन ७ ७७०० या दोघांत अडकलोय. एक जण म्हणतो १४ कोअरवाला घे, दुसरा म्हणतो इंटेल खराब होतात. हैदराबादला स्वस्त मिळेल असं एक मित्र सांगतो. आणखी एक : वडिलांना ‘कामासाठीच पाहिजे’ एवढंच सांगितलंय. गेमचं बोललो नाही, आणि ते मनाला टोचतंय. काय करू?

प्रिय मित्रा,

तुम्ही निवडलेले दोन्ही प्रोसेसर चांगले आहेत. कुठलाही घेतला तरी फसवणूक झाली असं वाटणार नाही. पण तुमचं सगळं पत्र एका गृहीतकावर उभं आहे, आणि ते तपासल्याशिवाय मला कौल देववत नाही. काम अडकतंय ते प्रोसेसर जुना झाल्यामुळंच, असं तुम्ही धरून चाललात. विहिरीवर दहा एचपीची मोटर बसवली आणि पाइप दीड इंचीच ठेवला, तर पाणी पाइपाइतकंच पडतं. तुमचा पाइप कुठं चोंदलाय ते आधी बघू.

पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट राहून गेलीय. तुमचा कॅमेरा कोणत्या फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करतो? सोनीच्या मेनूत एक्सएव्हीसी एस आणि एक्सएव्हीसी एचएस असे प्रकार असतात. पहिला एच.२६४, दुसरा एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५. त्याच्या जोडीला ८ बिट की १० बिट (रंगांच्या छटा किती), आणि ४:२:० की ४:२:२ (रंगांचा तपशील किती), हेही तिथंच ठरतं. या तीन नोंदींवर तुमचा निम्मा प्रश्न सुटतो. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात एक फाइल टाका, सगळं समोर येईल.

याचं कारण असं. व्हिडिओ फाइल दाबून बांधलेली असते आणि टाइमलाइनवर चालवताना ती प्रत्येक क्षणी उलगडावी लागते. ८ बिट ४:२:० असेल तर तुमच्या ३०६० कार्डातला खास भाग हे काम करतो आणि प्रोसेसर मोकळा राहतो. १० बिट ४:२:० एचईव्हीसीही ते कार्ड सहज ओढतं. पण ४:२:२ आलं की ३०६० हात वर करतं. रायझन ७७०० मध्येही लहानसं ग्राफिक आहे, त्यालाही ४:२:२ उलगडता येत नाही. मग सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर, म्हणजे त्यातल्या काम करणाऱ्या भागांवर, पडतो आणि तीन कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र, म्हणजे मल्टिकॅम लावलं की चित्र उड्या मारायला लागतं. १४६००केमधल्या यूएचडी ७७० ग्राफिकला मात्र १० बिट ४:२:२ एचईव्हीसी हार्डवेअरवर उलगडता येतं. यालाच क्विक सिंक म्हणतात. आपल्याकडं स्टुडिओवाले एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम करताना इंटेलच पाहिजे म्हणून अडून बसतात, त्यामागं हेच जुनं कारण आहे, कारण एडियसनं क्विक सिंकचा आधार फार आधीपासून घेतलाय.

म्हणजे तुमच्या फाइल एक्सएव्हीसी एचएस, ४:२:२ असतील, तर या दोन प्रोसेसरांतला खरा फरक १४ कोअर विरुद्ध ८ कोअर हा नाहीच. फरक त्या छोट्या ग्राफिकचा आहे. म्हणून दुकानदारानं ‘हजार-दोन हजार वाचतील’ म्हणत १४६००केएफ पुढं केला तर घेऊ नका, त्यात ते ग्राफिकच नसतं. फाइल एक्सएव्हीसी एसच्या ४:२:२ असतील तर यूएचडी ७७०ही मदतीला येत नाही, आणि इंटेलचा तो मोठा मुद्दा गळून पडतो.

दोन्ही प्रकारांवर फुकटचा उपाय आहे तो प्रॉक्सीचा. प्रीमियरमध्ये मूळ फाइलच्या हलक्या प्रती एकदा बनवायच्या, एडिटिंग त्यांच्यावर करायचं, शेवटी एक्सपोर्टला मूळ फाइल आपोआप लागते. प्रती बनायला वेळ जातो, पण ते काम जेवायला किंवा झोपायला जाताना लावता येतं. दुसरा उपाय त्याहून सोपा : ज्या गिऱ्हाइकाला पेनड्राइव्हवर हळदीपासून वरातीपर्यंतचं शूटिंग आणि मोबाइलवर हायलाइट पाहिजे, त्याच्यासाठी सगळं लग्न ४:२:२ मध्ये कशाला टिपायचं? प्री-वेडिंगला, जिथं रंगांवर जास्त काम करायचंय तिथं ते ठेवा. बाकी ४:२:० वर या.

आता रात्रभर चालणाऱ्या रेंडरचं बघू. प्रीमियरच्या एक्सपोर्टमध्ये एन्कोडिंगच्या जागी ‘सॉफ्टवेअर’ आहे की ‘हार्डवेअर’? ‘सॉफ्टवेअर’ असेल तर तुमचं ३०६० कार्ड बसून राहतंय आणि सहा कोअर एकटे राबतायत. ते बदला आणि त्याच लग्नावर दोन्ही वेळा मोजा. एक्सपोर्ट चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकलाय का? रॅम भरलीय का? की दोन्ही निवांत आहेत आणि डिस्कच शंभरवर आहे? बरेच जण दोन टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर फुटेज ठेवून तिथूनच एडिट करतात. तसं असेल तर बाजारातला सगळ्यात महाग प्रोसेसरही त्या डिस्कची वाट बघत बसेल. चालू काम एसएसडीवर आणा, संपलेलं हार्ड डिस्कवर टाका.

रॅमही तपासून घ्या. १६ जीबीची एकच पट्टी आहे की आठ-आठच्या दोन? एकच असेल तर रायझन अर्ध्या रस्त्यानं चालतोय. आणि बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवणारी सोय) चालू केलंय का? दुकानातून जोडून आलेल्या कितीतरी पीसीत ३२००ची रॅम २४०० किंवा २६६६ वर पडून असते. हा बदल पाच मिनिटांचा आहे आणि जुन्या रायझनला गेममध्ये त्याचा चांगला फायदा होतो.

गेमिंगकडं वळू. प्रोसेसरांची तुलना करणारे व्हिडिओ बघून माणूस गोंधळतो. त्यांचा दोष नाही, पण ते काय मोजतात हे समजून घ्या. दोन प्रोसेसरांतला फरक दिसावा म्हणून ते बाजारातलं सगळ्यात जोरदार ग्राफिक कार्ड लावतात आणि रिझोल्यूशन १०८०पीवर ठेवतात. हेतू हा की कार्ड कधीच आडवं येऊ नये. चाचणी म्हणून ते बरोबर आहे. पण तुमच्याकडं ३०६० आहे. जड गेममध्ये ते कार्डच आधी थकेल आणि १४६००के लावा की ७७००, आकडा जवळजवळ तोच येईल. व्हॅलोरंट हलका गेम आहे, तो प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतो, तिथं फरक मोजता येईल. पण तुमचा मॉनिटर सेकंदाला ७५ चित्रंच दाखवतो. एक प्रोसेसर ३०० फ्रेम देतो आणि दुसरा ३३०, हे तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचणार कसं? गेमसाठी पैसे घालायचेच असतील तर १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर घ्या. या एका खरेदीनं जो फरक जाणवेल तो दोन्हीतला कुठलाही प्रोसेसर देणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

उन्हाळ्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण त्या व्हिडिओंत हे कधीच येत नाही. आपली लग्नसराई भर एप्रिल-मेमध्ये असते. म्हणजे तुमचं सगळ्यात जड काम नेमकं त्या दिवसांत, जेव्हा परभणीत पारा ४२-४३ ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट असतं. चाचणी करणारे एसीच्या खोलीत बसतात. कुठलाही पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली १५ अंशांनी गरम तर प्रोसेसरही साधारण तेवढाच गरम. व्हिडिओत ८० अंश दिसलेला प्रोसेसर तुमच्याकडं दुपारी ९५ला जाईल. ७७००ची मर्यादा ९५ अंश आहे, १४६००केची १००. त्या मर्यादेला टेकलं की दोन्ही स्वतःहून वेग कमी करतात.

आता विजेचा आकडा बघा. ७७०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पूर्ण राबला तर तो ८८ वॅटपर्यंत जातो. १४६००के १२५ वॅटचा, आणि त्याची वरची मर्यादा १८१ वॅट. बिलात याचा फार फरक पडणार नाही. रोज चार तास पूर्ण भारावर चालवला तरी महिन्याला ११-१२ युनिट जास्त. पण ती सगळी वीज उष्णता होऊन तुमच्याच खोलीत येते. ७७०० बरोबर डब्यात बरा कूलर येतो. १४६००के बरोबर कूलर येतच नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याला दोन पंख्यांचा चांगला टॉवर कूलर लागेल. तो खर्च किमतीत धरा. बायोसमधून त्याला १२५ वॅटवर बांधून ठेवता येतं. वेग थोडाच कमी होतो, ताप बराच उतरतो. उन्हाळ्याचे तीन महिने तरी हे कराच.

यूपीएसचंही याच्याशी नातं आहे. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. १८१ वॅटचा प्रोसेसर आणि १७० वॅटचं ३०६० एकदम पूर्ण राबले तर ३५१ इथंच झाले, बोर्ड, डिस्क, मॉनिटर बाजूलाच राहिले. लाइट गेली की यूपीएस किंचाळून बंद पडेल आणि चार तासांचा रेंडर जाईल. ७७०० असला तर हीच बेरीज २५८ होते. कुठलाही घेतलात तरी १००० व्हीएच्या पुढचा यूपीएस घ्या. आणि अर्थिंग बघा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर नव्या प्रोसेसरच्या आधी वायरमनला बोलवा.

‘इंटेल खराब होतात’ या बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. १३व्या आणि १४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेज ओढून हळूहळू बिघडत होते. इंटेलनं २०२४ मध्ये हे मान्य केलं, बायोसमधून जाणारी मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १४६००के त्याच यादीत आहे. म्हणून तो घेतलात तर पहिल्याच दिवशी बोर्डाचं बायोस ताजं करा, आणि कुणाचा वापरलेला १४६००के स्वस्तात मिळाला तरी नको म्हणा, कारण तो आधी किती दिवस जुन्या बायोसवर चाललाय हे कळायला मार्ग नाही.

पुढं वाढवण्याच्या दृष्टीनं ७७०० सरळ पुढं आहे. त्याचं एएम५ सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, २०२२ मध्ये आलं आणि २०२७ पर्यंत व त्यानंतरही ते चालवू असं एएमडीनं सांगितलंय. १४६००केचं एलजीए१७०० सॉकेट त्याच्या पिढीवरच थांबलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेल नव्या सॉकेटवर गेलं. सगळे कोअर एकदम राबायचे असतील, म्हणजे कार्डाची मदत न घेता एक्सपोर्ट किंवा थ्रीडी रेंडर, तिथं १४६००के पुढं. बाकी रोजच्या कामात दोघं खांद्याला खांदा लावून आहेत.

मला खरं सांगायचंय ते इथंच. सॉकेट टिकण्याचा हा फायदा तुमच्या टेबलावर आधीच आहे. तुमचा बी४५० बोर्ड बायोस ताजं केल्यावर रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर घेतो. त्यातला रायझन ७ ५७००एक्स आठ कोअर, सोळा थ्रेडचा आहे, २०२२ चा, आणि ६५ वॅटचाच. म्हणजे ताप आत्ताइतकाच. बोर्ड तोच, रॅम तीच, कार्ड तेच, विंडोजही पुन्हा टाकायला नको. त्याच्याबरोबर कूलर येत नाही, आणि तुमच्या ३६००चा छोटा कूलर उन्हाळ्यात कमी पडेल, तेव्हा एक साधा टॉवर कूलर घ्या. दोन्ही मिळून खर्च तुमच्या ७०,००० च्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास राहावा, दुकानात आजचा भाव विचारून घ्या. ७७०० घेतला तर डीडीआर५ रॅम नवीच घ्यावी लागते, आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव फार चढलेत. तुमच्याकडची डीडीआर४ सांभाळून ठेवायला हेही एक कारण.

५७००एक्स हा ७७०० पेक्षा मागं आहे, हे लपवत नाही. एका पिढीचं अंतर आहे. पण ३६०० वरून त्यावर गेलात तर एडिटिंगमध्ये आणि व्हॅलोरंटमध्ये दोन्हीकडं जाणवेल. उरलेल्या पैशांत एसएसडी, यूपीएस आणि मॉनिटर बसतात की नाही हिशेब करा. बायोस ताजं करताना एक काळजी घ्या : ते जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच करायचं, आणि यूपीएसवर करायचं. मधेच लाइट गेली तर बोर्डच जाऊ शकतो. स्वतः करायची धास्ती वाटत असेल तर दुकानदाराकडून करून घ्या.

आता वडिलांचं. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आहे. त्या भावानं धरलं तरी ७०,००० म्हणजे १३ क्विंटलांहून जास्त सोयाबीन, आणि अडतीवर हमीभाव किती जणांना मिळतो हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनं मराठवाड्यातल्या शेतांचं काय झालं तेही तुमच्या डोळ्यांसमोर आहे. गेम खेळावा वाटणं यात काही वाईट नाही. दिवसभर मांडवात कॅमेरा खांद्यावर घेऊन उभा राहणाऱ्या मुलानं रात्री तासभर मित्रांबरोबर खेळावं, हे मला अगदी रास्त वाटतं. टोचतंय ते खेळणं नाही, न सांगणं आहे. आणि न सांगण्यामुळं निवडही बिघडतेय असं मला पत्रातून जाणवलं. प्रत्येक गोष्ट ‘कामासाठी’ म्हणून पटवून द्यायची झाली की माणूस कामाला लागतं त्यापेक्षा मोठं यंत्र मागतो.

वडिलांना सांगा, ‘बाबा, यावर मी काम करतो आणि रात्री खेळतोही. कामाला एवढं लागतं, खेळाला एवढं.’ दोन वेगळे आकडे ठेवा त्यांच्यासमोर. मॉनिटरचे पैसे तुमच्या पुढच्या दोन-तीन ऑर्डरींमधून जातील असं सांगता आलं तर बोलणं आणखी सोपं होईल. ते कुरकुरतील कदाचित. पण आकडा ७०,००० वरून खाली आलेला बघून त्यांचा चेहरा वेगळा असेल, आणि उरलेलं बियाणं-खताला कामी येईल.

सगळं तपासूनही नवा संचच घ्यायचा ठरला, तर माझा कौल असा. फाइल ४:२:२ एचईव्हीसी असतील, प्रॉक्सीत वेळ घालवणं गिऱ्हाइकाच्या घाईमुळं जमत नसेल, किंवा एडियसवर काम करायचं असेल, तर १४६००के घ्या, ‘एफ’ नसलेला, आणि बायोसमध्ये आतलं ग्राफिक चालू करून त्याचा ड्रायव्हर टाका. ३०६० लावलं की ते पुष्कळदा बंद होतं आणि लोकांना वर्षभर पत्ता लागत नाही. बाकी कुठल्याही परिस्थितीत ७७००. आपल्या उन्हात, आपल्या विजेवर तो जास्त सुखानं चालेल.

हैदराबादचं म्हणाल तर देवगिरी एक्स्प्रेसनं थेट जाता येतं आणि सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटर या कॉम्प्युटरच्या बाजारात भाव करायला वाव असतो हे खरं. पण बोर्ड किंवा रॅम बिघडली तर ती घेऊन पुन्हा कोण जाणार? ऐन लग्नसराईत दोन दिवस मोडणं तुम्हाला परवडणार नाही. परभणी किंवा नांदेडचा दुकानदार थोडं जास्त घेऊन वॉरंटीची जबाबदारी घेत असेल तर त्याच्याकडून घ्या. कुठूनही घेतलात तरी प्रोसेसर सीलबंद डब्यातलाच घ्या. ‘ट्रे’ म्हणून सुटा विकतात त्याला डब्यातल्यासारखी कंपनीची वॉरंटी गृहीत धरू नका. पक्कं बिल मागा, त्यावर प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि सिरीयल नंबर लिहून घ्या.

या आठवड्यात फक्त तपासणी करा : मीडियाइन्फो, टास्क मॅनेजर, एक्सपोर्टची सेटिंग, रॅमचा वेग. पैसे तोवर वडिलांकडंच राहू द्या. काय दिसलं ते मला कळवा, आणि फॉरमॅट लिहायला विसरू नका.